रस्त्याची गाणी आणि आपला हिशेब



बेलव्ह्यूमधल्या आपल्या मराठी कामगार मित्रांच्या बैठकीत मी हे बोललो होतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लिहून देतोय. तुम्ही सौदीत ट्रेलर चालवत असा, दुबईत शटरिंग बांधत असा किंवा इथे अमेरिकेत असा, हे तुमच्यासाठीही आहे.

विषय साधा आहे: ट्रकवाल्यांची आणि वाटेवरच्या माणसांची मला आवडणारी गाणी. कामगार हक्कांच्या बैठकीत गाणी कशाला, असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणं असं, की कामाची अवस्था कधीकधी कायद्याच्या पुस्तकाआधी गाण्यात येते. कान देऊन ऐकलं की कळतं.

आमच्या बेलव्ह्यूतून आय-90 हा महामार्ग जातो. पश्चिमेला सिअ‍ॅटलला संपतो, पूर्वेला थेट बोस्टनपर्यंत, म्हणजे तीन हजार मैलांच्या वर. साईटवर येणारं बरंच सामान याच रस्त्याने, स्नोक्वाल्मी घाट ओलांडून येतं. हिवाळ्यात घाटात बर्फ पडला की ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, कधी घाटच बंद होतो. इकडे आम्ही माल कुठे अडकला म्हणून फोन करत बसतो. तिकडे केबिनमध्ये एक माणूस थंडीत बसलेला असतो, हे फोन करताना कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिलं गाणं: तासांचं

'सिक्स डेज ऑन द रोड'. डेव्ह डडलीने 1963 मध्ये ते गाजवलं. सहा दिवस गाडी हाणून घरी निघालेला ड्रायव्हर. चाल इतकी उडती, की पाय आपोआप ठेका धरतात. पण शब्द ऐका. गडी झोप उडवायला गोळ्या खातोय, गाडीत वजन जादा आहे आणि लॉगबुक मागे पडलंय. म्हणजे तास लपवायचे, माल लपवायचा, झोप मारायची. आपण टाळ्या वाजवतो ते त्याच्या थकव्यावर.

आज इथे माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला सलग 10 तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते, आणि तीही ड्युटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत. डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकमध्ये हे तास इलेक्ट्रॉनिक यंत्र मोजतं. पण एक गोष्ट अजून तशीच आहे. 1938 च्या केंद्रीय मजुरी कायद्यातला ओव्हरटाईम राज्याबाहेर माल नेणाऱ्या बहुतेक ट्रक ड्रायव्हरांना लागू होत नाही. तास मोजले जातात, पण जादा तासांना दीडपट पैसे मिळतीलच असं नाही.

आखातातल्या भावांनो, तुमच्याकडेही तासांचा कायदा आहे. यूएईमध्ये 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घेता येत नाही. कतारमध्ये 1 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. हे तुमच्या फोरमनला माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू द्या.

दुसरं गाणं: कर्जाचं

'सिक्स्टीन टन्स'. हे ट्रकचं नाही, कोळसा खाणीचं आहे. मर्ल ट्रॅव्हिसने 1946 मध्ये रेकॉर्ड केलं, 1955 मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात घराघरात पोचलं. दिवसभर कोळसा भरायचा आणि शेवटी कंपनीच्याच दुकानाची उधारी वाढलेली.

आपल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. बीडकडचे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडत बसतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, माणसाला हत्याराचं नाव! इथले काही ट्रक ड्रायव्हर कंपनीकडूनच हप्त्याने ट्रक घेतात आणि आठवड्याच्या पगारातून हप्ता, डिझेल, विमा कापला की हातात फारसं उरत नाही. कागदावर तो 'मालक', प्रत्यक्षात उचल घेतलेला गडी.

परदेशी येणाऱ्याची उचल म्हणजे एजंटची फी. भारतीय नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर एजंटची नोंदणी तपासा आणि पावती मागा. पावती नाही म्हणाला, तर तिथेच पाय मागे घ्या. गावाकडे कुणी निघायच्या तयारीत असेल, तर त्याला आजच फोन करून हे सांगा.

तिसरं गाणं: घराचं

अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना'. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेला माणूस, पुढे गिरणीतही राबला. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो आणि तेच गाणं पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं होतं. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिल्याचं दुःख आणि बायको मागे राहिल्याचं दुःख त्यांनी एकाच धाग्यात ओवलं.

मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. घरची आठवण म्हणजे कमजोरी, ती गिळून टाकायची, असं आपल्याला शिकवलेलं असतं. अण्णाभाऊंनी ती चारचौघांत मांडली आणि हजारो माणसं तिच्यासाठी उभी राहिली. कॅम्पवर कुणी चार दिवस गप्प गप्प असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. विषय नसेल, तर गाणं लावा.

चौथं गाणं: एकीचं

'कॉनव्हॉय'. 1975 अखेरचं, सी. डब्ल्यू. मॅकॉल यांचं. तेलटंचाईनंतर आलेली 55 मैलांची वेगमर्यादा आणि लॉगबुकची कटकट यांना वैतागलेले ड्रायव्हर सीबी रेडिओवर एकमेकांना हाका मारतात आणि बघता बघता ट्रकची रांग लागते. त्याआधी 1973 च्या डिसेंबरात ट्रकवाल्यांनी खरोखरच महामार्ग अडवले होते.

पण खरी एकी गाण्याइतकी सोपी नसते. 2021 च्या अखेरीस आमच्या किंग काउंटीत 300 हून जास्त काँक्रीट मिक्सर चालकांनी संप केला. प्लांटमधून निघालेलं काँक्रीट साधारण दीड तासात ओतावं लागतं, साठवून ठेवता येत नाही. मिक्सर थांबले तसे स्लॅब थांबले, लाईट रेलचं कामही अडलं. स्टिअरिंगवरच्या माणसाची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली. पुढे एप्रिल 2022 मध्ये ते चालक करार हाती न येताच कामावर परतले. संप म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही त्यात दिसलं.

अमेरिकेत 1935 च्या कायद्याने बहुतेक खासगी कामगारांना पगाराबद्दल आपसात बोलण्याचा आणि एकत्र मागणी करण्याचा हक्क आहे. कागदावर 'स्वतंत्र कंत्राटदार' केलं, की कंपनी तो हक्क नाकारायला बघते, म्हणून सही करण्याआधी तो शब्द शोधा. वॉशिंग्टन राज्यात पगार बुडाला, तर कामगार खात्याकडे तीन वर्षांच्या आत तक्रार करता येते, व्हिसा कोणताही असो. सौदी, यूएईमध्ये मात्र युनियन आणि संपाला परवानगी नाही. तिथे कुणाच्या भरीस पडून काम बंद करू नका. तिथल्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार, भारतीय दूतावास आणि 'मदद' पोर्टल, या मार्गाने जा.

शेवटी एकच मागणं. पहिल्या गाण्यातल्या ड्रायव्हरचं लॉगबुक मागे पडलेलं होतं. तुमचं पडू देऊ नका. खिशात छोटी डायरी ठेवा. रोज तारीख, काम सुरू झालं ती वेळ, संपलं ती वेळ, जेवणाची सुट्टी आणि हातात आलेले पैसे लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. आठवड्याला त्या पानाचा फोटो घरी पाठवा. पगारावरून वाद झाला, तर ती डायरी तुमच्या बाजूने बोलेल.

गाणी ऐकत राहा, आणि तास लिहीत राहा.