नानीचे तास कोणत्या खात्यात?



मला ‘अमेरिकेतले मुस्लिम आणि शिक्षण’ असा भलामोठा विषय दिला होता. तो मला पेलणार नाही. मी ह्यूस्टनमध्ये राहते आणि गेली तीन वर्षे माझी लेक शाळेत न जाता घरीच शिकते आहे. तिच्या साहित्याच्या अभ्यासाला किती क्रेडिट द्यायचे यावरून गेल्या मे महिन्यात आमच्या घरात जो वाद झाला, तेवढाच सांगते. वाद अर्ध्या क्रेडिटचा होता.

टेक्सासमध्ये घरची शाळा ही कायद्याने खासगी शाळा धरली जाते. १९९४ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगले नागरिकत्व हे पाच विषय खरोखर शिकवायचे, एवढीच अट. तपासायला कोणी येत नाही. नववी ते बारावीचा गुणपट, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, आईबापच तयार करतात. क्रेडिट मी ठरवणार, श्रेणी मी देणार आणि खाली सहीही माझीच. कॉलेज तो कागद बघते.

मग एक क्रेडिट म्हणजे किती? याचे मूळ निघते प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायची संस्था निघाली, तेव्हा कॉलेज कशाला म्हणायचे हा प्रश्न आला. १९०६ मध्ये ठरले, की प्रवेशासाठी हायस्कूलची किमान १४ एकके मागणारे ते कॉलेज. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास. पेन्शनसाठी काढलेले हे माप आजही हायस्कूलच्या मुलांना लावतात. वर्गात बसलेल्या मुलाला काय समजले, हे त्या मापात कुठेच नाही.

आपल्याकडेही २०२३ पासून राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला आहे. त्यात वर्षाचे १,२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे ३० तासांना एक. त्यामुळे हा हिशेब तुमच्याही दारात येतोच आहे. फरक एवढाच, की इथे आईची सही चालत नाही. घरी शिकून दहावी-बारावी करायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेसारखी परीक्षा द्यावी लागते. पूर्वी मला ते जाचक वाटायचे. आता तितके वाटत नाही, का ते पुढे येईल.

आमची यादी अशी होती. शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’, माल्कम एक्सचे आत्मचरित्र, रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ आणि हमीद दलवाईंची ‘इंधन’. लेकीने वहीत रोजचे तास लिहिले होते. मे अखेर इंग्रजीचे ९६ तास भरले. त्यात वाचन ५५, चर्चा २४ आणि लेखन १७. ‘इंधन’चे तास वेगळ्या पानावर होते, ३८.

मी ९६ आणि ३८ मिळवले. १३४. एक पूर्ण क्रेडिट, वर १४ तास शिल्लक. पेन उचलले.

लेक म्हणाली, “अम्मी, नानीचे तास इंग्रजीत कसे?”

‘इंधन’ तिने मराठीत वाचली. म्हणजे चिपळूणहून माझी आई दर शुक्रवारी व्हिडिओवर वाचून दाखवायची आणि ही पुस्तकावर बोट ठेवून मागे मागे जायची. दलवाईंचे मिरजोळी तिथून जवळच, त्यामुळे आई मध्येच थांबून “हे असंच होतं हां” म्हणायची, किंवा “हे त्यानं लिहायला नको होतं” म्हणून पुस्तक मिटायची. मग दोघींचे भांडण. वर्षभरातला सगळ्यात जिवंत अभ्यास तोच होता. मला तो वाया जाऊ द्यायचा नव्हता.

पण लेकीचा मुद्दा बरोबर होता. मराठीतून मराठी कादंबरी वाचली तर ते तास भाषेचे. इंग्रजीच्या नावावर टाकले तर कॉलेजला खोटे सांगितल्यासारखे. आणि दोन्हीकडे धरले तर एकच पगार दोनदा उचलल्यासारखे. हो, ‘इंधन’वर तिने इंग्रजीत निबंध लिहिला त्याचे चार तास इंग्रजीत बसतात. पण ते आधीच त्या १७ मध्ये धरलेले होते.

मग तिने स्वतःच आणखी कात्री लावली. माल्कम एक्सचे काही भाग आम्ही गाडीत ऐकले होते. “त्यातले सहा तास मी झोपले होते,” म्हणाली. राहिले ९०.

जाड पुस्तक म्हणजे जास्त अभ्यास, हेही खरे नाही. ‘सुलतानाज ड्रीम’ जेमतेम काही पानांची. १९०५ मध्ये मद्रासच्या एका मासिकात इंग्रजीतच छापून आली. त्यात बायका राज्य चालवतात आणि पुरुष पडद्याआड बसतात. त्यावर आम्ही तीन आठवडे घालवले. रोकेयांना शाळा मिळाली नव्हती. भावाने रात्री, घरच्यांच्या नकळत इंग्रजी शिकवले. १९११ मध्ये त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा काढली. लेकीने विचारले, “त्यांना कोणी क्रेडिट दिले असते?” मला उत्तर सुचले नाही.

एवढी काटेकोर का झाले, ते सांगते. आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलीचा चार वर्षांचा गुणपट एका दुपारी तयार झाला. घरी शिकवतो म्हणायचे, प्रत्यक्षात तिला घरात बसवले होते. धाकट्या भावंडांना सांभाळायचे, स्वयंपाक करायचा. कागदावर इंग्रजीचे चार क्रेडिट होते, सगळीकडे ए. पुढे कॉलेजच्या चाचणीत तिला एक परिच्छेद धड लिहिता आला नाही आणि सुरुवात अगदी तळापासून करावी लागली. कागद खोटा ठरवला कोणीच नाही. भोगले मात्र तिने. परीक्षेची जाचक अट मला आता तितकी का खुपत नाही, ते यावरून कळेल. घरी शिकवणे आणि घरात बसवणे यांत बाहेरून फरक दिसत नाही. वहीत दिसतो.

तर मे महिन्यात मी साहित्याला अर्धेच क्रेडिट लिहिले. एक लिहायला हात शिवशिवत होता. कॉलेजे इंग्रजीचे चार क्रेडिट मागतात, अर्धे कमी पडले तर धावपळ होणार हे माहीत होते. नवरा म्हणाला, “९० म्हणजे पाऊण, पाऊण लिही.” पण पाऊण क्रेडिट बहुतेक ठिकाणी कोणी लिहीत नाही, अर्धे किंवा एकच. शिवाय तासांपेक्षा मला लेखनाची चिंता होती. वर्षभरात १७ तास लेखन म्हणजे आठवड्याला अर्धा तासही नाही. बोलायला पटाईत, लिहायला आळस. हे आपल्या घरांतून फार दिसते, माझ्याही.

जून-जुलैत ती रोज सकाळी लिहायला बसली. ऑथेल्लोला सगळे ‘मूर’ म्हणतात, नावाने कमी हाक मारतात, यावर एक लांब निबंध झाला. तीनदा फाडला, चौथ्यांदा जमला. ऑगस्टपर्यंत ३० तास भरले आणि मी अर्ध्याचे एक केले. तारीखही ऑगस्टचीच घातली.

नानीचे तास मात्र अजून कुठेच लिहिलेले नाहीत. अर्ध्या क्रेडिटला ६० लागतात. दोघींनी आता दुसरे पुस्तक धरले आहे. गेल्या शुक्रवारपर्यंत ५१ झाले, आणि त्यातला एक तास नानीने नुसते चुलत्यांचे किस्से सांगितले म्हणून लेक तो धरायला तयार नाही. मी म्हणते धर. अजून ठरलेले नाही.