यंत्रमानवाची शस्त्रे आणि त्याचे खांदे

एखाद्या वस्तूत भर घातली म्हणजे तिचे मोल वाढते, असा बाजाराचा समज असतो; आणि मुलांच्या खेळण्यांच्या बाबतीत तर तो फारच लवकर रुजतो. जपानात तयार होणारे, सुटे भाग जोडून उभे करावयाचे प्लॅस्टिकचे यंत्रमानव आज देशोदेशींच्या मुलांच्या व प्रौढांच्याही हाती आहेत. पेटीवरील चित्रात अशा यंत्रमानवाच्या दोन्ही हातांत बंदुका, पाठीवर तोफ, कमरेला तलवार आणि पायांना क्षेपणास्त्रे दिसली, की घेणाऱ्याचे डोळे दिपतात. परंतु असा संच चांगला की सुमार, हे शस्त्रांची संख्या मोजून ठरवता येईल काय?

या खेळण्याचा जन्म एका कथेतून झाला. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाइल सूट गंडम’ ही चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. तिच्यातील यंत्रांचे आराखडे कुनिओ ओकावारा यांचे. आरंभी तिला प्रेक्षक बेताचेच लाभले आणि योजलेल्या ५२ भागांऐवजी ४३ भागांतच, जानेवारी १९८० मध्ये, ती आवरती घेण्यात आली. त्यानंतर जुलै १९८० मध्ये बांदाई या कंपनीने गंडमची १४४ पट लहान केलेली प्रतिकृती ३०० येन किमतीस बाजारात आणली, आणि मालिकेला न लाभलेले यश तिच्या प्रतिकृतीस लाभले. कथेतील गंडम १८ मीटर उंच. म्हणून ही मूर्ती बरोबर साडेबारा सेंटिमीटरची.

शस्त्रांची भर घालण्याचा मोह मात्र या प्रतिकृतीहूनही जुना आहे. मालिकेला पैसा पुरविणारी कंपनी खेळण्यांची होती. तिच्या विक्रीच्या सोयीसाठी गंडमला जोडता येणारे ‘जी-फायटर’ नावाचे एक लढाऊ वाहन कथेत आणले गेले. पुढे १९८१ व १९८२ मध्ये त्याच मालिकेचे तीन चित्रपट करण्यात आले, तेव्हा तोमिनो यांनी ते वाहन गाळून टाकले आणि त्याच्या जागी निराळेच, साधे विमान योजले. केवळ विकण्यासाठी जोडलेली वस्तू कथेच्या अंगाला चिकटत नाही, हा त्यातील बोध. प्रतिकृतीच्या अंगालाही ती चिकटतेच असे नाही.

म्हणून शस्त्रांची परीक्षा शस्त्रापासून नव्हे, सांध्यापासून सुरू करावी. खांदा, कोपर आणि मनगट हे तीन सांधे सारा भार वाहतात. जुन्या बनावटीच्या अनेक संचांत सांध्याच्या आत मऊ प्लॅस्टिकची वाटी असते आणि तिच्या घर्षणावरच हात वर राहतो. पाच ग्रॅमचे वजन मनगटापासून दोन सेंटिमीटरवर असता सांध्यावर जो ताण पडतो, त्याच्या चौपट ताण तेच वजन आठ सेंटिमीटरवर गेले असता पडतो. म्हणजे आखूड, जाड बंदुकीपेक्षा लांब, बारीक बंदूकच हाताला अधिक थकविते. पाठीवर लादलेल्या तोफांचेही तेच. एकूण भाराचा मध्य टाचांच्या मागे गेला, की मूर्ती उताणी पडते. मग तिला आधाराची काठी द्यावी लागते. उभे राहण्यासाठी ज्याला काठी लागते, त्याच्या पराक्रमाचे कौतुक किती करावे?

दुसरी परीक्षा पकडीची. मुठीच्या पोकळीत शस्त्राची मूठ घट्ट बसली पाहिजे, तथापि बसविताना बोटे उकलता कामा नयेत. पाठीवर वा ढालीवर जोडावयाच्या शस्त्रांसाठी तीन मिलिमीटर व्यासाची खुंटी व तेवढीच खोबण हा आता बहुतेकांनी पत्करलेला प्रघात आहे. स्वतंत्रपणे विकले जाणारे शस्त्रसंच त्यामुळे परक्या मूर्तीलाही लागू पडतात. पण खुंटी बसली म्हणजे शस्त्र शोभले, असे नव्हे.

तिसरी परीक्षा प्रमाणाची. आणि अभ्यासू माणसाला खरा आनंद इथे मिळतो. गंडमचा प्रतिस्पर्धी जो ‘झाकू’, त्याच्या बंदुकीच्या नळीचा व्यास कथेत १२० मिलिमीटर सांगितला आहे. १४४ ने भागले असता तो ०.८३ मिलिमीटर होतो, म्हणजे टाचणीच्या जाडीच्या आसपास. कारागिराने तेथे दोन मिलिमीटरचे भोक पाडले, तर ती बंदूक १२० ची न राहता २८८ मिलिमीटरची तोफ होते! झाकूची खरी तोफ २८० मिलिमीटरची. तिला मात्र दोन मिलिमीटरचे भोक जवळजवळ तंतोतंत शोभेल. चित्रात नुसती भव्य दिसणारी शस्त्रे या साध्या भागाकारापुढे पुष्कळदा उघडी पडतात.

चौथी परीक्षा घडणीची. बंदूक बहुधा दोन अर्ध्या कवचांची असते आणि त्यांच्या जोडाची रेघ नेमकी नळीच्या माथ्यावर येते. ती कानशीने व काचकागदाने पुसावी लागते. चौकटीपासून भाग कापताना राहिलेला देठही तसाच घासून काढावा लागतो. चार शस्त्रे अधिक म्हणजे असे चार जोड अधिक. ज्याला या कामाची गोडी आहे त्याला ती मेजवानी. ज्याला नाही, त्याच्या माथी ते ओझे.

आता शेवटचा आणि सर्वांत जड प्रश्न. मुलांच्या हाती शस्त्रांचे खेळणे द्यावेच का? काही पालक ते घरात येऊ देत नाहीत, काही विचार न करता आणून देतात. या दोहोंनीही मूळ कथा एकदा पाहावी. तिचा नायक आमुरो हा १५ वर्षांचा मुलगा आहे आणि युद्ध त्याने मागितलेले नाही. एका भागात तो पुष्कळ दिवसांनी आईला भेटतो, आणि तिच्यादेखत एका शत्रुसैनिकावर गोळी झाडतो. मुलगा वाचला याचा आनंद त्या माउलीला होत नाही; आपले मूल हे काय झाले, या विचाराने ती हादरून जाते. शस्त्राचे खरे वजन त्या प्रसंगात आहे. प्रतिकृती जोडणाऱ्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असेल, तर त्याने मूर्तीच्या हाती दिलेली बंदूक निव्वळ शोभेची राहत नाही.

तात्पर्य, संच घरी आला की सारी शस्त्रे एकदम लटकवू नयेत. प्रथम मूर्ती रिकाम्या हातांनी उभी करावी आणि तिचे सांधे, तिचा तोल पाहावा. मग एकच शस्त्र द्यावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी हात जागच्या जागी असला, तर ते शस्त्र त्याचे. हात खाली आला असला, तर ते पेटीत परत ठेवावे. एवढे केल्यावर पेटीत काही शस्त्रे उरली, तर पैसे वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. काय द्यावे याइतकेच काय न द्यावे, हेही ज्या मुलाला ठरवता आले, त्याच्या बाबतीत संचाची किंमत वसूल झाली.