इंजिन आणि वैमानिक यांच्यामधली भिंत



आपल्या हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा, कुठंही जा. ट्रॉली, पेरणीयंत्र, शेडचा सांगाडा स्वतःच्या हातानं उभा करणारी तरुण मुलं वर्कशॉपमध्ये दिसतात. त्यांतल्या काहींच्या डोक्यात विमानही असतं. त्यांच्यासाठी आज विमानाच्या एकाच जोडाविषयी बोलतो: इंजिन विमानाला कसं बसवतात.

लहान विमानात बहुधा इंजिन पुढं आणि वैमानिक मागं असतो. दोघांच्या मध्ये जेमतेम 0.4 मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा असतो. याला फायरवॉल म्हणतात. सुमारे 1,100 अंश सेल्सिअसची ज्वाला 15 मिनिटं अडवून धरायची, ही त्याची कसोटी. तेवढ्या वेळात वैमानिकानं विमान खाली आणायचं.

या पत्र्यावर इंजिनाचा भार मात्र नसतो. शंभर-सव्वाशे किलोचं इंजिन पोलादी नळ्या त्रिकोणात वेल्ड करून केलेल्या सांगाड्यावर बसतं. सांगाड्याचे बोल्ट पत्र्याच्या आरपार जाऊन विमानाच्या मुख्य चौकटीला धरतात. इंजिनाची थरथर चौकटीपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये रबर असतं. नायलॉनचा लॉकनट इथं चालत नाही, उष्णतेनं तो पकड सोडतो. पूर्ण धातूचा लॉकनट तरी हवा, नाहीतर खाचांचा नट आणि त्यात कॉटर पिन. नट हाताच्या अंदाजानं आवळायचा नाही. टॉर्क रेंच वापरायचा आणि आवळलेल्या नटावर रंगाची रेघ ओढायची. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. वायर आणि पाइप जाण्यासाठी पाडलेलं प्रत्येक भोक आग न पकडणाऱ्या सीलंटनं बुजवायचं.

एवढी काटेकोरी कशासाठी? इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत खाली उतरवता येतं. इंजिनच निखळलं, तर नाकाकडचं वजन जातं, तोल जातो आणि वैमानिकाच्या हाती काहीच उरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात स्वतः विमान बांधण्याचं काम झालेलं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, 2019 मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि 2020 मध्ये धुळ्याला त्यानं चाचणी उड्डाण केलं. परवानगीची वाट लांब होती, पण त्यांनी ती सोडली नाही.

पण आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत, एका तरुण वेल्डरनं मोटारीचं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याच्या हातातली कला अस्सल होती. तिला जाणत्या तपासनिसाची सोबत मिळायला हवी होती. ती देणं समाजाचं काम आहे.

म्हणून आयटीआयच्या शिक्षकांना आणि अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: असा मुलगा दिसला तर त्याला हसू नका, नुसते हारही घालू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याचा प्रत्येक वेल्ड, प्रत्येक बोल्ट तपासा. आणि मुलांनो, दुसऱ्या जाणत्या माणसानं तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.