औषध आणि औषधासंबंधीचे चार शब्द



बंगळूर शहराच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत आठ ब्लॉकांत विभागलेली आहे. १९६३ साली स्थापन झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय येथेच आहे. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी अशा अनेक भाषा या वसाहतीत बोलल्या जातात. रुग्णालयातून बाहेर पडणारा रोगी चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात येतो. औषध त्याला मिळते; परंतु ते कसे घ्यावयाचे, हे त्याला कितपत सांगितले जाते?

या प्रश्नाचे गांभीर्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातावर आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. समजुतीच्या घोटाळ्याने ते रोज घेतले गेले, तर रक्तपेशींची निर्मिती मंदावते आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. दुकानात उच्चारलेले एक वाक्य हा अनर्थ टाळू शकते.

कायद्याने याची दखल घेतलेली आहे. १९४८ च्या फार्मसी अधिनियमानुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे असते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी तर औषधाची मात्रा, कालावधी, दुष्परिणाम, साठवण आणि चुकलेली मात्रा यांविषयी रोग्याशी बोलण्याची जबाबदारीही त्याच्यावर सोपविली आहे.

तरीही हे शब्द कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. याची कारणे प्रथम दुकानाच्या व्यवहारात शोधावी लागतात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्यास १६ टक्के नफा ठरवून दिला. हा नफा मालाच्या विक्रीवर मिळतो, सल्ल्यावर नव्हे. संध्याकाळी गल्ल्यासमोर गर्दी उसळली असता बोलण्यात गेलेली पाच मिनिटे म्हणजे परत गेलेली दोन गिऱ्हाइके, असा हिशेब मालकाच्या मनात सहज उभा राहतो.

दुसरे कारण रोग्याच्या बाजूचे आहे. नवे औषध असले तर विक्रेता काही सांगण्याचा संभव अधिक. जुन्या चिठ्ठीवर तो गोळ्या मोजून देतो. पुष्कळदा रोग्याऐवजी त्याचा नातेवाईक किंवा घरकाम करणारी बाई येते, आणि सांगितलेले घरापर्यंत पोहोचतेच असे नाही. भाषा निराळी असली की संभाषण खुणांवर येते. शिवाय दहा माणसांच्या देखत आपल्या आजाराविषयी विचारण्यास लोक संकोचतात.

अमेरिकेत १९९० च्या एका कायद्यानंतर राज्याराज्यांनी यासंबंधी नियम केले. तेथील आठ राज्यांतल्या ३०६ दुकानांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. जेथे नियम कडक तेथे समुपदेशन अधिक, आणि दुकानातील लगबग वाढली की ते कमी, असे तीत दिसून आले. कायद्याला बळ असते, पण सवड नसेल तर ते बळही अपुरे पडते, हाच याचा अर्थ.

म्हणून उपायही दुहेरी हवा. सल्ल्यासाठी दुकानात थोडी निराळी जागा आणि औषधनिर्मात्याच्या वेळेस काही मोल मिळाले पाहिजे. दुसरीकडे रोग्यानेही तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: हे औषध कशासाठी, किती वेळा, आणि किती दिवस? प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणे गर्दीतही टाळता येत नाही. औषधाचे पैसे रोगी मोजतोच. त्याबरोबरच्या चार शब्दांवरही त्याचा हक्क आहे.