पाकोळीचे पाय
(भाषणाचा सारांश)



मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. बी. ए., बी. एड. होऊन मुलांना भाषा आणि इतिहास शिकवतो. तरी आज एका पक्ष्याविषयी बोलणार आहे, कारण त्या पक्ष्याचा मी अपराधी आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे संमेलनासाठी रंगरंगोटी निघाली. व्हरांड्याच्या छताला पिसे व काड्यांचे गोळे चिकटलेले होते. मी शिपाईमामांना म्हणालो, “बांबूने पाडून टाका.” घरटी पडली, अंडी फुटली. एक काळा पक्षी फरशीवर पंख पसरून पडला. मुले म्हणाली, “सर, हा लंगडा आहे.” एकाने त्याला तळहातावर घेऊन हात उंच केला, आणि पक्षी सरळ उडून गेला. तो लंगडा नव्हताच!

ती पाकोळी होती. विजेच्या तारेवर बसते ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसत नाही. तिचे पाय अगदी आखूड, पण नख्या आकडीसारख्या असतात. उभ्या भिंतीला लटकायचे आणि तेथून स्वतःला हवेत झोकून द्यायचे, हे तिचे जगणे. उडता उडताच ती किडे टिपते. विळ्यासारख्या लांब पंखांमुळे जमिनीवरून उठणे मात्र तिला फार जड जाते. जी गोष्ट आपल्याला व्यंग वाटली, ती तिच्या जागेला साजेशी रचना होती.

आता तिच्या बहिणी पाहा. आपल्या घरांच्या व मशिदींच्या कमानींखाली राहते तिच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो व शेपूट आखूड असते. ताडावर राहते ती सडपातळ, दुभंगलेल्या शेपटीची. झुलत्या पानाच्या खालच्या बाजूला ती लाळेने पिसे चिकटवून घरटे करते आणि चिमट्यासारख्या बोटांनी पान धरते.

तिसरी आपल्या खानदेशात नाही. ती सह्याद्रीतील गुहांत आणि वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर राहते. अंधारात ती तोंडाने कटकट आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. वटवाघूळही असेच करते, पण त्याचा आवाज सहसा आपल्याला ऐकू येत नाही, हिचा येतो. अंदमानात तर दोन जाती शेजारी नांदतात. पांढऱ्या पोटाची, चकचकीत पाठीची पाकोळी गुहेच्या तोंडाशी किंवा इमारतीत, उजेडात घरटे करते. तिला प्रतिध्वनीची विद्या नाही. काळसर तपकिरी पाकोळी आतल्या अंधारात राहते. तिला ती आहे.

विद्यार्थी मित्रहो, हे कोणा पक्ष्याने ठरवून केलेले नाही. त्या त्या जागी ज्यांचे शरीर अधिक उपयोगी पडले, त्यांची पिल्ले अधिक जगली. अशा हजारो पिढ्या गेल्या. म्हणूनच एका दिवसात जागा मोडली, तर शरीर एका दिवसात बदलत नाही. “जाईल दुसरीकडे,” असे मी त्या वेळी म्हणालो होतो. कोठे जाणार? झाडाच्या फांदीवर तिला बसतासुद्धा येत नाही.

या गुहावासी पाकोळ्यांची लाळेची घरटी परदेशात सूपासाठी मोठ्या किमतीला विकली जातात. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बेटांवरही घरटी चोरीस गेली. अंदमानात मात्र १९९९ पासून वनखाते व सालिम अली केंद्र यांनी घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार नेमले. ज्या हातांनी घरटी काढली, त्याच हातांनी ती सांभाळली. ज्यांच्या नावाचे हे केंद्र आहे, त्या डॉ. सालिम अलींची (१८९६–१९८७) पक्ष्यांची ओढ लहानपणी मारलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली. ही चिमणी कोणती, हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला आणि त्याला तेथे कोणी हाकलून दिले नाही.

पालकहो, आपले मूल छताकडे पाहत उभे राहिले, तर त्याला रिकामटेकडे म्हणू नका. त्याच्याबरोबर घटकाभर वर पाहा. आणि रंगारी घरी येणार असेल, तर आधी घरट्यात पिल्ले आहेत का ते बघा. ती उडून जायला पाच-सहा आठवडे लागतात. रंग तेवढा थांबू शकतो.

माझा रंग थांबला नाही, म्हणून आपल्याला सांगतो.