घरचे मैदान आणि परगावचा संघ

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून शिष्यवृत्ती, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांचा ऊहापोह नेहमी होतो. आज आम्ही मुलांच्या खेळाविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु त्यापायी कित्येक घरांत आईवडिलांचे मतभेद होतात, गुरुजी आणि प्रशिक्षक यांच्यात रुसवेफुगवे होतात आणि त्या ओढाताणीत बारा-चौदा वर्षांचे मूल सापडते, हे आपण पाहतोच.

उदाहरणादाखल सॉफ्टबॉल घेऊ. हा खेळ १८८७ साली शिकागो येथे जॉर्ज हॅनकॉक यांनी बंदिस्त जागेत खेळण्यासाठी काढला. बेसबॉलचेच हे आटोपशीर रूप होय. संघात नऊ खेळाडू, सात डाव, बारा इंच परिघाचा चेंडू, आणि तो टाकायचा हात खालून आणून. बेसबॉलमध्ये दोन तळांतील अंतर नव्वद फूट असते, येथे ते साठ फूट. त्यामुळे मैदान लहान असले तरी भागते. शाळांच्या द्वारे हा खेळ आपल्या जिल्ह्यात आला आणि मुलांच्या बरोबरीने मुलीही तो खेळू लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता अडचण कोठे येते ते पाहू. मूल प्रथम खेळते ते गल्लीतल्या सोबत्यांबरोबर, शाळेच्या किंवा मंडळाच्या मैदानावर. तेथे येईल त्याला खेळावयास मिळते. त्यात चमक दिसली की दोन शिड्या उभ्या राहतात. एक शालेय स्पर्धांची: चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या. आपला जिल्हा पुणे विभागात येत असल्याने विभागाच्या सामन्यांसाठी मुलांना जिल्ह्याबाहेर जावे लागते. दुसरी शिडी खेळाच्या संघटनेची. तिची निवड चाचणी वेगळी, सराव शिबिर वेगळे, प्रवास वेगळा. म्हणजे एकाच मुलीला शाळा, मंडळ आणि जिल्हा संघ असे तिघे बोलावतात. आणि आपल्याखेरीज इतर दोघांनी तिच्याकडून किती काम घेतले, याची तिघांपैकी कोणालाच दाद नसते.

यातून पहिला अपाय होतो तो शरीराला. चेंडू खालून टाकल्याने खांद्याला त्रास होत नाही, असा एक गोड समज आहे. तो खरा नाही. वेगाने हात फिरवून टाकलेल्या चेंडूचा ताण खांद्यावर आणि कोपरावर पडतोच. सकाळी शाळेसाठी सात डाव, सायंकाळी शिबिरात पुन्हा दीड तास, आणि रविवारी मंडळाचा सामना, असे झाले तर वाढत्या वयाच्या हाडांनी काय करावे? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा आहे की मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी, आणि वर्षातून एकूण तीन महिने तरी त्या विशिष्ट खेळापासून सुट्टी असावी.

दुसरा अपाय मागे राहणाऱ्यांचा. त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, म्हणून आम्ही जरा विस्ताराने बोलतो. समजा, एका मैदानावर अकरा मुली रोज खेळतात. त्यांतल्या तीन जिल्हा संघात गेल्या आणि त्यांनी मैदान सोडले. उरल्या आठ. नऊ असल्यावाचून संघ उभा राहत नाही. आठवडाभर आठजणी येतात, मग सहा, मग चार. आणि एके दिवशी मैदानावर सायकली लावलेल्या दिसतात. तिघींची निवड झाली याचा आनंद सर्वांनी केला. आठजणींचा खेळ बंद पडला याचे सुतक कोणी पाळले नाही. त्यांतही मुलाचा खेळ सुटला तर तो दुसरे मैदान शोधतो; मुलीचा सुटला की ती घरकामाला लागते आणि परत फिरत नाही.

पालकांची बाजूही आम्ही जाणतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुणांची सवलत आहे आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. ज्या घरात वडील मागावर आणि आई विड्या वळण्यात दिवस घालवते, त्या घराने या वाटेकडे आशेने पाहिले तर त्यास दोष कोण देईल? परंतु प्रमाणपत्र मिळते ते थोड्यांना. प्रवासभाडे, बूट आणि बुडालेला अभ्यास मात्र सर्वांच्या वाट्यास येतो. म्हणून केवळ प्रमाणपत्रावर दृष्टी ठेवून घरचे मैदान सोडणे व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

हा पेच आपल्याच नशिबी आहे असे नाही. अमेरिकेत विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली मुलांसाठी लिटल लीग काढली. १९७४ पासून तिच्यात मुलींचा सॉफ्टबॉलही आला. संघात घेतलेल्या प्रत्येक मुलाला काही वेळ क्षेत्ररक्षण आणि निदान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे, असा तिचा दंडक आहे. त्याच देशात निवडक मुलांचे फिरते संघही आहेत. ते शनिवार-रविवार गावोगाव सामने खेळत हिंडतात, आणि त्यांच्यापायी गावच्या लीगमधली मुले कमी होतात अशी तक्रार तिकडेही ऐकू येते. श्रीमंत देशालाही जे कोडे पडले, ते आपण निदान वेळीच ओळखावे.

मग करावे काय? आमचे मत असे की निवड झालेल्या मुलाला घरच्या मैदानाने अडवू नये आणि त्या मुलाने घरचे मैदान सोडू नये. यासाठी पुढील गोष्टी आपण करू शकतो.

पहिली, जून महिन्यात शाळा उघडताच पालक, क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक यांनी एकत्र बसून वर्षाच्या तारखा मांडाव्यात. चाचणी परीक्षा, स्पर्धा, जानेवारीतील सिद्धेश्वरांची यात्रा, घरची लग्नकार्ये, सर्व एकाच कागदावर यावे. निम्मे तंटे तेथेच मिटतील.

दुसरी, दोन सामने एकाच दिवशी आले तर ज्यास आधी शब्द दिला त्याचा सामना खेळावा, मग तो मंडळाचा साधा सामना का असेना. राज्य संघात निवड झाली तर तेवढा अपवाद; परंतु तोही प्रथम दिवशीच सोबत्यांना सांगून ठेवावा.

तिसरी, प्रत्येक खेळाडूने एक लहान वही बाळगावी. कोणत्या दिवशी, कोणासाठी, किती वेळ खेळलो आणि कोठे दुखले, एवढेच तीत लिहावे. प्रत्येक प्रशिक्षकाने ती पाहून मगच काम सांगावे. दुखणे लपवून खेळणे हे शौर्य नव्हे, हे मुलांना आपणच शिकवावयास हवे.

चौथी, परगावी खेळून आलेल्या मुलाने आठवड्यातून एक सायंकाळ घरच्या मैदानावर द्यावी आणि तिकडे शिकलेले इकडे शिकवावे. यात उपकाराची भावना नसावी. शिकविल्याने आपले शिकणे पक्के होते, हा आम्हां शिक्षकांचा जन्माचा अनुभव आहे.

शेवटची विनंती आपल्या संस्थेस. निवड झालेल्या मुलामुलींच्या प्रवासखर्चास आपण साहाय्य करतो ते करावेच. मुलींच्या संघाबरोबर जबाबदार बाई आहेत की नाहीत, याचीही चौकशी करावी. परंतु प्रवासासाठी जेवढी रक्कम मंजूर होईल, तेवढीच घरच्या मैदानावरील चेंडू, हातमोजे आणि चुना यांसाठी मंजूर व्हावी. सत्कार तिघींचा करावा. साहित्य मात्र अकराजणींना द्यावे. कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीत या सूचनेचा विचार करावा, अशी प्रार्थना करून आणि आज सत्कार झालेल्या सर्व मुलामुलींस आशीर्वाद देऊन आम्ही आपली रजा घेतो.