मतपेटीने घडवलेली क्रांती
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



हुकूमशाही रक्त सांडल्याशिवाय जात नाही, असे म्हणतात. आपल्या देशात ती मतपत्रिकेवरच्या शिक्क्याने गेली. त्या १९७७ सालाविषयी आम्ही बोलणार आहोत.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला, मिसाखाली हजारो लोक तुरुंगात गेले. बाबासाहेबांनी ज्या ३२ व्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले, त्याच्या आधारे सुटकेसाठी कोर्टात जाण्याची वाटही बंद झाली. गोरगरिबांनी तर वेगळेच भोगले. मे १९७६ मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी उठवून चिता कॅम्पला नेली. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो, नाहीतर काय!

मार्च १९७७ ला निवडणूक झाली. लोक रांगेत उभे राहिले आणि शिक्का मारून घरी गेले. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. आपल्या उपनगरांत काय झाले? उत्तर मुंबईतून तुरुंगवास भोगलेल्या मृणाल गोरे निवडून आल्या. वायव्य मुंबईत देशाचे कायदामंत्री ह. रा. गोखले यांनाच राम जेठमलानींनी हरवले. दक्षिण मध्य मुंबईतून बाबासाहेबांचे सहकारी बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. आपल्यातले काही पुढारी मात्र तेव्हा सत्तेच्या बाजूला होते. ते लपवून काय उपयोग?

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "सनदशीर मार्ग खुला असताना सत्याग्रहही सोडा, असे बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत म्हणाले. मग आणीबाणीविरुद्धचे आंदोलन बरोबर कसे?" प्रश्न रास्त होता. पण सनदशीर मार्ग सरकारनेच अडवले होते, आणि ते उघडताच लोक मतपेटीकडेच गेले. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही बाबासाहेब त्याच भाषणात बोलले. भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सारे ठाऊक होते, याची आठवणही त्यांनी तिथेच दिली. संघात मत शलाकेने, म्हणजे लाकडी काडीने घेत. मतपत्रिका आपल्याला परकी नाही ती अशी.

१९८० ला याच जनतेने इंदिरा गांधींना परत निवडून दिले. आम्हाला त्यात विसंगती वाटत नाही. काढले मतानेच, आणलेही मतानेच. मात्र तोवर ४४ वी घटनादुरुस्ती झाली होती, आणि २१ व्या कलमातला जीविताचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!